शून्याचा इतिहास: ब्रियाना स्करी आणि आपली निवडक स्मृती

१/
दरवर्षी १० जुलै उजाडला की एक छायाचित्र समाजमाध्यमांवर फिरू लागते. हिरवळीवर गुडघे टेकलेली एक खेळाडू, आवळलेल्या मुठी, हातात अंगातून काढलेली जर्सी. खालची ओळ ठरलेली असते: 'याच क्षणी अमेरिकेने महिलांचा विश्वचषक जिंकला.' प्रस्तुत धागा त्या ओळीला हरकत घेण्यासाठी आहे.

२/
छायाचित्र खरे आहे. ब्रँडी चेस्टेनची डाव्या पायाची ती किकही खरी आहे. खोटे आहे ते 'याच क्षणी' हे पद. सामन्याचे पारडे त्याआधी काही मिनिटे एका गोलरक्षकाने फिरवले होते. तिचे नाव ब्रियाना स्करी. हे नाव तुम्ही आज प्रथमच ऐकत असाल, तर आपण सारे एकाच नावेत आहोत. ते कसे, हे आधी कबूल करतो.

३/
गेल्या वर्षी एम.ए.च्या वर्गात विसाव्या शतकातील क्रीडा-इतिहासावर मी सादरीकरण केले. पडद्यावर हेच छायाचित्र लावले आणि त्यावर दहा मिनिटे बोललो. मागच्या बाकावरून एक साधा प्रश्न आला: 'शूटआउट होते ना? मग गोलकीपर कोण होती?' मला उत्तर देता आले नाही. साधनांची चिकित्सा शिकणाऱ्या विद्यार्थ्याने साधनाच्या चौकटीबाहेर डोकावलेच नव्हते. हा धागा त्या नामुष्कीतून लिहिला आहे.

४/
आधी घटनाक्रम. १० जुलै १९९९, कॅलिफोर्नियातील पॅसाडेना येथील रोझ बाउल मैदान. अमेरिका विरुद्ध चीन. प्रेक्षक ९०,१८५. माथ्यावर रणरणते ऊन. नियमित वेळेत एकही गोल नाही, जादा वेळेतही नाही. १२० मिनिटांनंतर फलक ०-०.

५/
जादा वेळेला तेव्हा 'गोल्डन गोल'चा नियम होता. जो संघ आधी गोल करील, तो तिथल्या तिथे विजयी. त्या वेळेत चीनच्या फॅन युनजिएने मारलेला हेडर स्करीला चकवून गोलरेषेकडे निघाला होता. खांबालगत उभ्या असलेल्या क्रिस्टीन लिलीने तो डोक्याने परतवला. चेंडू आत गेला असता, तर शूटआउट झालेच नसते आणि ते विख्यात छायाचित्रही जन्माला आले नसते. लिलीच्या त्या हेडरचे भित्तिपत्रक कोणाच्या खोलीत लावलेले तुम्ही पाहिले आहे काय?

६/
मग शूटआउट. पेनल्टीची जागा गोलरेषेपासून ११ मीटरवर. गोल ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच. जोरदार मारलेला चेंडू अर्ध्या सेकंदाच्या आत पोहोचतो. सर्वसाधारणपणे चारपैकी तीन पेनल्टी आत जातात. या द्वंद्वात गोलरक्षकाचा पराभव गृहीतच धरलेला असतो, म्हणूनच तो झाला की कोणी त्याची दखलही घेत नाही.

७/
पहिल्या दोन फेऱ्यांत चारही किक आत गेल्या. चीनची तिसरी किक घ्यायला लिऊ यिंग पुढे आली. स्करीने नंतर मुलाखतींत सांगितले आहे की, चालत येणाऱ्या प्रतिस्पर्ध्याकडे पाहण्याची तिला सवय नव्हती. या वेळी मात्र तिने पाहिले, आणि हीच किक आपली, अशी तिची खात्री झाली. ती आपल्या डावीकडे झेपावली. चेंडू तिच्या हातांवर आदळून बाहेर गेला.

८/
त्यानंतर कोणीही चुकले नाही. दोन्ही संघांच्या मिळून दहा किकपैकी नऊ आत गेल्या, एक अडली. निकाल ५-४. आता तर्क तपासा. ती एक किक अडली नसती, तर चीनचे पाच गोल झाले असते आणि चेस्टेनची किक केवळ बरोबरी साधणारी ठरली असती. बरोबरीच्या किकनंतर कोणी जर्सी काढून गुडघ्यांवर बसत नाही. तो जल्लोष शक्य झाला तो लिऊ यिंगच्या अडलेल्या किकमुळे.

९/
येथे पहिला आक्षेप येतो, आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. स्करी चेंडू मारला जाण्यापूर्वीच रेषा सोडून पुढे आली होती. १९९७ पासून गोलरक्षकाला रेषेवर आडवे सरकण्याची मुभा होती, पुढे येण्याची नव्हती. चित्रफितीत तिचे पाऊल स्पष्ट दिसते आणि तिनेही ते नाकारलेले नाही. स्वित्झर्लंडच्या पंच निकोल पेटिग्नात यांनी किक पुन्हा घ्यायला लावली नाही. नियमाचा भंग झाला, आणि निकाल कायम राहिला.

१०/
हे सगळे इतिहासात नोंदवलेच पाहिजे. चीनच्या खेळाडूंवर अन्याय झाला असे कोणी म्हटले, तर त्या म्हणण्यातही तथ्य आहे. पण एक विसंगती ध्यानात घ्या. जे लोक 'चेस्टेनने विश्वचषक जिंकून दिला' असे ठामपणे सांगतात, तेच 'स्करीच्या त्या पावलाने चीनचा विश्वचषक हिरावला' असेही सांगतात. श्रेय वाटताना जी कृती गौण असते, ती दोषारोपाच्या वेळी एकाएकी निर्णायक कशी होते?

११/
गोलरक्षकांच्या इतिहासाची हीच रीत आहे. १६ जुलै १९५० रोजी उरुग्वेने ब्राझीलला त्यांच्याच माराकाना मैदानावर २-१ असे हरवले. गिगियाचा विजयी गोल गोलरक्षक मोआसिर बार्बोसा आणि जवळचा खांब यांच्यामधून गेला. बार्बोसा २००० साली वारला. त्या एका गोलाचा ठपका पन्नास वर्षे त्याच्या माथी राहिला. त्या गोलापूर्वी त्याने आयुष्यभर काय काय अडवले, हे कोणी विचारले नाही. तोही कृष्णवर्णीय होता, हे जाता जाता नोंदवून ठेवतो.

१२/
आता मूळ मुद्दा. गोलफलक हे एक ऐतिहासिक साधन आहे आणि प्रत्येक साधनाप्रमाणे तेही काही बोलते, काही दडवते. 'एक' हा आकडा नि:संदिग्ध असतो: कोणी, कितव्या मिनिटाला, कोणाच्या पासवर. 'शून्य' मात्र मुके असते. गोलरक्षकाने दहा वेळा जीव तोडून चेंडू अडवला काय, किंवा ती नव्वद मिनिटे नुसती उभी राहिली काय, फलकावर दोन्हींची नोंद एकच होते.

१३/
त्याच स्पर्धेतील उपांत्य सामना पाहा. ४ जुलै १९९९, स्टॅनफोर्ड, प्रतिस्पर्धी ब्राझील. निकाल २-०. आकडा वाचून वाटते की सामना सहज जिंकला. प्रत्यक्षात ब्राझीलने पुन:पुन्हा गोलावर मारा केला आणि स्करीने तो थोपवला. तिच्या कारकिर्दीतील सर्वोत्कृष्ट सामन्यांत जाणकार याची गणना करतात. फलकाने मात्र तिचे सारे कष्ट एका शून्यात गुंडाळून टाकले.

१४/
वेढ्यांचे वर्णन आवडीने वाचणाऱ्या आपल्यासारख्यांना हे अपरिचित नसावे. किल्ला घेतला की पोवाडा रचला जातो. किल्ला पडला की फितुरीची चर्चा होते. किल्ला नुसता राखला, तर बहुधा लिहिण्यासारखे काही घडलेले नसते.

१५/
आता तिची कारकीर्द. जन्म १९७१, मिनेसोटा राज्य, नऊ भावंडांत धाकटी. पुढच्याच वर्षी, १९७२ साली, 'टायटल नाइन' हा कायदा झाला. सरकारी अनुदान घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना लिंगभेद करण्यास त्याने मनाई केली. मुलींचे संघ, मैदाने आणि शिष्यवृत्त्या वाढल्या त्या या कायद्यामुळे. स्करी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाकडून खेळली. पुढे वकिलीचे शिक्षण घेण्याचा तिचा बेत होता. १९९४ साली राष्ट्रीय संघातून बोलावणे आले आणि तो बेत मागे पडला.

१६/
१९९५ च्या स्वीडनमधील विश्वचषकात डेन्मार्कविरुद्ध चेंडू हातातून फेकताना ती क्षेत्राबाहेर गेली, या कारणावरून पंचांनी तिला लाल कार्ड दाखवले. बदली खेळाडू संपलेल्या होत्या, म्हणून उरलेल्या वेळासाठी मिया हॅम गोलात उभी राहिली. हा प्रसंग आजही गमतीने सांगितला जातो. त्या गमतीत दडलेली गोष्ट अशी: जगातली सर्वांत नावाजलेली आघाडीची खेळाडू काही मिनिटे गोलरक्षक झाली, तर तो किस्सा होतो. जी रोज तेथे उभी असते, तिची दखल घेण्यासाठी मात्र लाल कार्ड लागते.

१७/
डिसेंबर १९९५. ऑलिंपिकमध्ये महिलांचा फुटबॉल प्रथमच होणार होता. अमेरिकी महासंघाचा प्रस्ताव केवळ सुवर्णपदकासाठी बोनस देण्याचा होता. नऊ खेळाडूंनी त्या करारावर सही करण्यास नकार दिला आणि महासंघाने त्यांना सराव शिबिराबाहेर ठेवले. त्या नऊ जणींत हॅम, लिली होत्या आणि स्करीही होती. पुढे रौप्यपदकासाठीही बोनस मान्य झाला. 'पैशासाठी नव्हे, देशासाठी खेळल्या' असे लिहिणाऱ्यांनी हा प्रसंग वाचावा. त्या देशासाठी खेळल्या, आणि श्रमाचा मोबदलाही त्यांनी मागितला. दोहोंत विरोध नाही.

१८/
१९९६ साली सुवर्ण. अंतिम सामना चीनशीच, जॉर्जियातील अथेन्स गावी, ७६,४८१ प्रेक्षकांसमोर, निकाल २-१. स्करीने स्पर्धेतील प्रत्येक मिनिट गोलात काढले. एवढा मोठा जनसमुदाय जमला असताना अमेरिकेच्या दूरचित्रवाणीने तो सामना संपूर्ण थेट दाखवला नाही. 'महिलांचा फुटबॉल १९९९ साली सुरू झाला' ही समजूत कोठून आली, याचे उत्तर येथे आहे. जे चित्रित होऊन घरोघरी पोहोचले नाही, ते घडलेच नाही असे आपण मानतो.

१९/
१९९९ च्या अंतिम सामन्यात अमेरिकेच्या पहिल्या अकरा जणींत स्करी ही एकमेव कृष्णवर्णीय खेळाडू होती. तो संघ 'शेजारघरच्या मुलींचा संघ' म्हणून देशभर मिरवला गेला. कोणत्या शेजारातील मुली, हा प्रश्न कोणी विचारला नाही. तिच्या नावाच्या विस्मरणाला हे एकच कारण होते असा माझा दावा नाही. पण हे कारण वगळून लिहिलेला वृत्तान्त मी पूर्ण मानणार नाही. आणि हेही लिहून ठेवा: त्या विजेत्या संघाला फिफाकडून बक्षिसाची रक्कम नव्हती. महिलांच्या विश्वचषकात ती प्रथम २००७ साली दिली गेली.

२०/
यशानंतर पुढच्याच वर्षी ती सिडनी ऑलिंपिकला राखीव म्हणून गेली. दुखापत आणि घसरलेली तंदुरुस्ती यांमुळे जागा सिरी मलिनिक्सकडे गेली होती. स्करी परतली. २००१ साली सुरू झालेल्या महिलांच्या व्यावसायिक लीगमध्ये ती अटलांटा बीटकडून तीन मोसम खेळली आणि संघाने दोनदा अंतिम फेरी गाठली. सप्टेंबर २००३ मध्ये, विश्वचषकाला आठवडाही उरला नसताना, ती लीग बंद पडली. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये ब्राझीलला २-१ असे हरवून तिने दुसरे सुवर्ण मिळवले. स्करीचे नोकरी देणारे ठिकाण बुडाले होते, खेळ बुडाला नव्हता.

२१/
मग २००७, चीन. त्या विश्वचषकात होप सोलो गोलात होती आणि लागोपाठ तीन सामन्यांत तिने एकही गोल होऊ दिला नव्हता. उपांत्य सामन्यासाठी प्रशिक्षक ग्रेग रायन यांनी ब्राझीलविरुद्धचा अनुभव पाहून स्करीला उतरवले. निकाल ०-४. पहिला गोल अमेरिकेचाच स्वयंगोल. मध्यंतरापूर्वी शॅनन बॉक्सला लाल कार्ड, उरलेला सामना दहा जणींनिशी, समोर बहरात असलेली मार्टा. सोलोने जाहीरपणे म्हटले की आपण असतो तर ते चेंडू अडवले असते.

२२/
निर्णय प्रशिक्षकाचा, स्वयंगोल सहकारी खेळाडूचा, लाल कार्ड मध्यरक्षकाचे. पण चर्चा दोन गोलरक्षकांची झाली, जणू चूक केवळ दोन बायकांच्या भांडणात होती. सोलोवरही अन्याय झाला होता, हे मान्य. तरी ज्या स्पर्धेत तिसऱ्या स्थानासाठी पुन्हा स्करीलाच उभे केले गेले आणि नॉर्वेवर ४-१ असा विजय मिळाला, त्या स्पर्धेतील तो विजय कोणालाच आठवत नाही.

२३/
२५ एप्रिल २०१०. नव्या व्यावसायिक लीगमध्ये ती वॉशिंग्टन फ्रीडमची गोलरक्षक होती. प्रतिस्पर्धी फिलाडेल्फिया. खाली येणारा चेंडू घेण्यासाठी ती वाकली आणि धावत आलेल्या खेळाडूचा गुडघा तिच्या कानशिलावर आदळला. ती मध्यंतरापर्यंत खेळत राहिली. पुन्हा कधीच खेळली नाही. १७३ आंतरराष्ट्रीय सामने, दोन ऑलिंपिक सुवर्णपदके आणि एक विश्वचषक यांची कारकीर्द अशी एका साध्या लीग सामन्यात, कोणाच्याही ध्यानात न येता संपली.

२४/
पुढची तीन वर्षे: अखंड डोकेदुखी, तोल जाणे, विस्मरण, खोल नैराश्य. डोक्याच्या मागच्या बाजूच्या मज्जातंतूला इजा झाली होती. उपचारांच्या खर्चावरून विमा कंपनीशी दीर्घ झगडा. जगणे संपवावे असा विचारही आला होता, हे तिने स्वतः सांगितले आहे. याच काळात तिने दोन्ही ऑलिंपिक सुवर्णपदके गहाण टाकली. मिळाले १८,००० डॉलर. ऑक्टोबर २०१३ मध्ये शस्त्रक्रिया झाली, ती सावरू लागली, आणि पुढे ती पदके सोडवून आणली गेली.

२५/
येथे 'प्रेरणादायी' कथाकार पुढे सरसावतात: पाहा, ती कशी पडली आणि कशी उठली! मला या कथनाचा राग आहे. तिची जिद्द निर्विवाद आहे. पण जिद्दीची कथा सांगून झाली की हिशेबाचे प्रश्न गुंडाळून ठेवले जातात. खेळताना झालेल्या इजेचा खर्च कोणाचा? तिचा क्लब २०११ साली दुसऱ्या राज्यात गेला, लीग २०१२ साली विसर्जित झाली. मग जखमी खेळाडूने दाद कोठे मागायची? अशा बुडत्या संस्थांच्या भरवशावर या स्त्रियांनी आपली शरीरे झिजवली. सुवर्णपदक गहाण पडले, यात दैव कमी आणि व्यवस्था अधिक आहे.

२६/
तिने स्वतः हे ओळखले होते. २०१४ साली ती अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे डोक्याच्या दुखापतींबद्दल साक्ष द्यायला गेली. शालेय मुलींच्या फुटबॉलकडे लक्ष द्या, हा तिचा आग्रह होता. माझ्या मते ही साक्ष तिच्या कारकिर्दीचाच भाग आहे. आलेला चेंडू आपल्यामागे जाऊ द्यायचा नाही, हेच काम तिने तेथेही केले.

२७/
दुसरा आक्षेप: 'अखेर सन्मान मिळालाच ना?' मिळाला. २०१७ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय सॉकर हॉल ऑफ फेमसाठी तिची निवड झाली. तो मान मिळवणारी ती पहिली महिला गोलरक्षक आणि पहिली कृष्णवर्णीय स्त्री. वॉशिंग्टनमधील आफ्रिकी-अमेरिकी इतिहासाच्या राष्ट्रीय संग्रहालयातही तिला स्थान आहे. पण पदके गहाण होती तेव्हा या दालनांचा उपयोग काय होता? सन्मान हा उशिरा चुकता केलेला हप्ता असतो. त्याने मूळ कर्ज फिटत नाही.

२८/
तिसरा आक्षेप: 'गोलरक्षकांनाही मान मिळतो. जर्मनीच्या नादिन आंगेररचे काय?' उत्तम उदाहरण. २००७ च्या विश्वचषकात तिने सहा सामन्यांत एकही गोल स्वीकारला नाही आणि अंतिम सामन्यात मार्टाची पेनल्टी अडवली. २०१३ साली फिफाची सर्वोत्तम महिला खेळाडू म्हणून तिची निवड झाली. हा मान गोलरक्षकाला मिळण्याची ती पहिलीच वेळ होती. म्हणजे नजरेत भरण्यासाठी गोलरक्षकाला आधी अशक्य ते करून दाखवावे लागते. अपवाद येथे नियमाचीच उंची दाखवतो.

२९/
आणि हे सारे भूतकाळात जमा झाले, असे कोणी समजू नये. २०२३ च्या विश्वचषकात इंग्लंडची गोलरक्षक मेरी अर्प्स हिची जर्सी संबंधित बड्या कंपनीने विक्रीलाच आणली नव्हती. इतर खेळाडूंच्या होत्या. दीड लाखांहून अधिक लोकांनी निवेदनावर सह्या केल्या, अर्प्सने अंतिम सामन्यात पेनल्टी अडवली, स्पर्धेतील सर्वोत्तम गोलरक्षकाचा मान मिळवला, तेव्हा कोठे जर्सी दुकानात आली. गोलरक्षकाला मागणी नसते, हा बाजाराचा सिद्धान्त मागणीनेच खोटा पाडला.

३०/
मग आपण काय करायचे? एक: कोणत्याही विजयाचे वर्णन वाचताना 'काय घडले' यासोबत 'काय घडू दिले गेले नाही' हे विचारायचे. दोन: छायाचित्र हे साधन म्हणून वाचताना छायाचित्रकार कोठे उभा होता आणि कोणाकडे त्याची पाठ होती, हे पाहायचे. तीन: कारकिर्दीचा इतिहास शेवटच्या सामन्याशी संपवायचा नाही. करार, विमा आणि उपचारांची बिले हीदेखील कागदपत्रेच आहेत.

३१/
चेस्टेनचे छायाचित्र जरूर फिरवा. ते सुंदर आहे आणि ती त्या आनंदाची हक्कदार आहे. याच स्पर्धेत जर्मनीविरुद्ध पाचव्याच मिनिटाला तिने स्वतःच्या गोलात चेंडू मारला होता, तो स्करीच्या बाजूने आत गेला, आणि तरी त्या दोघी पॅसाडेनापर्यंत एकत्र पोहोचल्या. माझे भांडण चेस्टेनशी नाही. ते त्या छायाचित्राखालच्या ओळीशी आहे.

३२/
म्हणून येत्या १० जुलैला ती ओळ बदलून लिहा: 'काही मिनिटांपूर्वी ब्रियाना स्करीने लिऊ यिंगची किक अडवली होती.' मीही माझ्या सादरीकरणातील ओळ बदलली आहे. मागच्या बाकावरच्या त्या प्रश्नाचे उत्तर आता माझ्याकडे आहे.

धागा समाप्त. असहमती असेल तर अवश्य मांडा, मात्र पुराव्यानिशी.